तोंडातली लवंग

तुम्ही एका बाईच्या तोंडातली लवंग काढून घेतलीत. तुमचं नाव मी घेत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही नावावरून भांडत बसाल आणि लवंगेचं तसंच राहून जाईल. भर रस्त्यात, गाडीभर माणसांसमोर, तुमच्या माणसानं तिला आ करायला लावलं, जीभ बाजूला घ्यायला लावली आणि किडक्या दाढेत बसवलेली लवंग थुंकायला लावली. माल जप्त केला म्हणे! पेंबासारख्या लवंगेच्या बेटावर, लवंगेच्या झाडाखाली जन्मलेल्या बाईच्या दाढेतून माल जप्त! आणि वर तुम्हीच विचारता, लोक लवंग-खरेदीच्या कचेरीशी असं वाकडं का बोलतात.

तिचं नाव शुवेना. मटोपेनी गावची. नवरा मकामे झाडावर चढून लवंग तोडणारा, आणि ही खाली अंगणात बसून घोस निवडणारी. मोसम सुरू झाला की मटोपेनीत दुसरा कसला वासच उरत नाही. तान्ह्या पोराच्या टाळूला लवंगेचा वास, शेळीच्या दुधाला लवंगेचा वास, नमाजाच्या चटईलाही तोच. बायका उन्हं उतरली की घोस घेऊन बसतात. एका हातात घोस धरायचा, दुसऱ्या तळहातानं रगडायचा, कळ्या एकीकडे, देठ एकीकडे. तळहात असे काळे होतात की मोसम सरला तरी मेंदीखालून काळे दिसतात. लग्नात नवरीचा हात हातात घेऊन सासू आधी वास घेते, मग म्हणते, हो, आमच्याच बेटाची आहे.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे तुमचा माणूस म्हणणार आहे की ‘लवंगेचा वास येतोय’.

तर दाढ. शुवेनाच्या दातांना नावं ठेवायला जागा नव्हती. आईनं लहानपणापासून मिस्वाकची काडी हातात दिलेली. सकाळी उठलं की काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि हिरडीपासून दाताच्या टोकाकडे घासायचं, आडवं नाही. झोपायच्या आधी पुन्हा. म्हातारी गेली तेव्हा तिच्या तोंडात सगळे दात होते. मयताला आंघोळ घालणाऱ्या बायकांनी बाहेर येऊन सांगितलं होतं. शुवेनानं तो नेम मोडला नाही. पण आईच्या वेळी चहात साखर सणावारी पडायची. आता चहा म्हणजे पाक. सकाळी चहा, दुपारी चहा, निवडायला बसलं की चहा, आणि वर हलव्याचा तुकडा. आणि मोसमाच्या पहिल्या दिवशी तुमच्या कचेरीनं काय केलं? खरेदीच्या आवारात बादल्या भरभरून लाल सरबत ठेवलं. साहेबांचं भाषण लांबलं तसतशी माणसं पेल्यावर पेले रिचवत गेली. भाषणात साहेब म्हणाले, आमच्या तोडणाऱ्या बंधूंचं आयुष्य गोड होवो. झालं ना. दाढेपर्यंत गोड झालं.

एके दुपारी शुवेनानं उसाचं कांडं चावलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

शेजारची मफुंदा तिची लहानपणापासूनची सखी, शोगा. कुंपणावरून डोकं काढून म्हणाली, “काय गं शोगा, गाल कुणी फुगवला? मकामेनं?”

“मकामेची छाती आहे का? दाढ आहे.”

“मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भर.”

“भरली. किती वेळा भरली. आता समुद्रच तोंडात घ्यायचा राहिलाय.”

“पेरूचा पाला चाव.”

“चावला. शेळीनं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी तिचा घास हिसकावला.”

“गरम वाळूची पुरचुंडी?”

“गाल भाजला. दाढ आहे तिथंच.”

मकामेनं मदरशातल्या गुरुजींकडून बशीवर केशरानं कुराणातली आयत लिहून आणली, गुलाबपाण्यानं धुतली आणि ते पाणी तिला पाजलं. जिवाला बरं वाटलं. दाढ मात्र ऐकेना. मकामे म्हणाला, “गुरुजी सांगत होते, दवाखान्यातही जाऊन ये. दुवा आपल्या जागी, डॉक्टर आपल्या जागी.”

त्याच आठवड्यात तुमची भोंग्याची गाडी गावात आली. आंब्याखाली उभी राहिली आणि भोंग्यातून तुमचा तो गोड आवाज निघाला. “मातांनो, भगिनींनो! दात ही देवाची देणगी आहे. गोड कमी खा. सकाळी आणि झोपताना दात घासा. लेकरांना दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नका. बाजारात पक्कड घेऊन बसणाऱ्यांकडून दात काढून घेऊ नका. दाढ दुखली तर घाबरू नका! मिठाचं पाणी आहे, आणि आपल्या बेटाचं काळं सोनं आहे, लवंग! दाढेत एक लवंग ठेवा आणि डॉक्टरांकडे या!”

बायकांना बरं वाटलं. आपल्या आज्या जे सांगत आल्या तेच सरकार सांगतंय म्हटल्यावर माना डोलल्या. चालकानं खाली उतरून शहाळं फोडून घेतलं, पाणी प्यायला, परत गाडीत बसला आणि दुसरी कॅसेट घातली. आवाज तोच, फक्त गोडवा गेला होता. “नागरिकांनो, लवंग ही देशाची संपत्ती आहे! मोसमात लवंग घरात साठवणं, सोबत नेणं, कुणाला देणं, कुणाकडून घेणं, गुन्हा आहे! एक मूठ असो की एक दाणा असो!”

मफुंदा सरळ गाडीच्या खिडकीशी गेली. “अहो भोंगेवाले, दाढ दुखली तर लवंग ठेवायची, पण लवंग जवळ ठेवायची नाही. मग दाढेत घालायची कशी? झाडाखाली आ करून उभं राहायचं?”

“बाई, मी फक्त गाडी चालवतो.”

“आणि बोलतं कोण?”

“ते वरचं आहे. ते वरूनच भरून येतं.”

वरचं! आमच्याकडे पाऊसही वरून येतो, पण तो निदान दोन्ही बाजूंना सारखा पडतो.

दवाखान्यात असिया नावाची नर्स. बाई चांगली, पण कपाटं रिकामी. शुवेनानं तोंड उघडलं तसा तिनं आत डोकावून च्च केलं.

“मोठी दाढ आहे, मागची. भोक पडलंय. गोळ्या संपल्यात बिबी, बोटीनं यायच्या आहेत.”

“बोट कुठं आहे?”

“समुद्रात असेल.” असिया खिन्न हसली. “बाहेरून शेकू नको, सूज वाढते. एक वाळलेली लवंग घे, तिचं डोकं मोडून टाक, दाढेच्या भोकापाशी ठेव आणि हलकेच दाबून धर. हिरडीवर घासू नको, पोळेल. लेकराला असलं काही करायचं नाही. आणि नीट ऐक, लवंग दाढ बरी करत नाही. दुखणं तेवढं निजवते. कीड आत आपलं काम करतच राहते. ताप आला, गाल डोळ्यापर्यंत चढला, तोंड उघडेना झालं, तर मग लवंगेचा नाद सोडायचा आणि थेट बंदरच्या दवाखान्यात जायचं.”

“तिथं दातांचा डॉक्टर आहे?”

“या गुरुवारी आहे. एका दिवसासाठी येणार आहेत, दुपारच्या बोटीनं परत. पुन्हा कधी ते देवालाच ठाऊक. चुकवू नको.”

शुवेना घरी आली. मसाल्याचा डबा उघडला. वेलदोडा होता, दालचिनी होती, मिरी होती. लवंग नव्हती. असणार कुठून? गेल्या मोसमात तुमची माणसं घराघरांत शिरली होती आणि मसाल्याचे डबे चटईवर उपडे करून लवंगा वेचून घेऊन गेली होती. तेव्हापासून मटोपेनीत पुलाव बिनलवंगेचा शिजतो. आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला की आम्ही मान खाली घालतो. लवंगेच्या बेटावर बिनलवंगेचा पुलाव! मीठ नसलेल्या समुद्रासारखं आहे हे.

अंगणात चटईवर कचेरीला घालायची लवंग वाळत पडली होती. त्यांच्याच झाडाची. ते झाड मकामेच्या आजोबांनी लावलेलं. त्याच्या आळ्याला शुवेनानं लग्न होऊन आल्यापासून पाणी घातलेलं. गुरुवारी सकाळी ती चटईपाशी वाकली आणि एक लवंग उचलली. मग वाटेत दुसरी लागेल म्हणून आणखी एक उचलली आणि अंगाभोवती गुंडाळलेल्या कापडाच्या, कांग्याच्या टोकाला गाठ मारून ठेवली. गाठ मारताना तिनं इकडेतिकडे बघितलं. आणि आपण इकडेतिकडे बघितलं याचाच तिला असा संताप आला की दाढेपेक्षा डोकं जास्त ठणकायला लागलं. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या चटईवरून, स्वतःच्या दाढेसाठी!

लवंग दाढेत बसली. आधी आग झाली, मग झिणझिण्या आल्या, आणि मग कुणी आतून दार लोटून घ्यावं तसा ठणका लांब गेला. किती दिवसांनी तिनं पूर्ण श्वास घेतला.

मकामे म्हणाला, “मी येतो सोबत.”

“तू झाडावर चढ. आभाळ भरतंय, घोस पावसात सापडले तर कुजतील. मी काय लग्नाला चाललेय? दाढ काढून येते.”

बंदरापर्यंत भाडं मारणाऱ्या उसीची गाडी भरली होती. मागे लाकडी बाकं, मध्ये भाज्यांच्या टोपल्या, एका म्हातारीच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. बंदर आता जवळच आलं होतं. वळण घेतलं आणि रस्त्यात बांबू आडवा.

बांबूपाशी म्बारुक उभा. शेजारच्याच गावचा पोरगा, शुवेनाच्या लग्नात दोन वेळा जेवून गेलेला. आता डोक्यावर तुमची टोपी. त्यानं गाडीत डोकं घातलं, नाक वर केलं आणि म्हणाला, “लवंगेचा वास येतोय.”

गाडी खदखदून हसली.

“अरे बाळा,” म्हातारी म्हणाली, “या गाडीत वास येत नाही अशी एकच आहे, ही कोंबडी.”

“तिलाही येतो,” मागून कुणीतरी म्हणालं. “कोंबडीचा नाही, तुझ्या मांडीचा.”

“म्बारुक, आधी स्वतःची टोपी हुंगून बघ,” उसी म्हणाला.

म्बारुक हसला नाही. त्याला न हसण्याचा हुकूम होता. टोपल्या उलटल्या, पिशव्या उघडल्या, आणि मग त्याची नजर शुवेनाच्या कांग्याच्या गाठीवर गेली. आमच्याकडे बाईच्या कांग्याची गाठ तिचा नवराही विचारल्याशिवाय सोडत नाही. म्बारुकनं सोडली. आत एक लवंग.

“हे काय मावशी?”

“लवंग.”

“आणखी कुठं आहे?”

आता इथं शुवेनाची चूक झाली. चूक म्हणजे काय, तर ती खरं बोलली. गाडीतल्या सगळ्यांना कळलं की आता हिनं गप्प राहावं. म्हातारीनं तर तिला कोपरानं ढोसलंही. पण शुवेनाला वाटलं, भोंग्यानंच तर सांगितलंय, दाढेत लवंग ठेवा आणि डॉक्टरांकडे या. आपण तंतोतंत तेच करतोय. तिनं गालावर बोट ठेवलं. “इथं आहे. दाढेत. डॉक्टरकडं चाललेय.”

“आ कर.”

“म्बारुक!” म्हातारी ओरडली. “तुझ्या आईला आ करायला सांगितलं असतंस?”

“आजी, वरून सांगितलंय, लोक तोंडातही लपवतात. मावशी, आ कर. जीभ बाजूला घे. थुंक.”

“औषध आहे रे ते.”

“थुंक म्हणतो ना.”

शुवेनानं ती लवंग थुंकली. त्याच्या हातात नाही, स्वतःच्या तळहातावर. चावलेली, ओली, डोकं मोडलेली एक लवंग. म्बारुकनं ती दोन बोटांत धरली, एका छोट्या पिशवीत टाकली आणि पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. मग म्हणाला, “खाली उतरा. साहेब आले की लगेच सोडतील.”

“दुपारच्या बोटीनं डॉक्टर जाणार आहे.”

“लगेच सोडतील म्हटलं ना.”

उसीनं गाडी बंद केली, वाद घातला, हातही जोडले. पण गाडीत बाकीची माणसंही होती, एकाला तर बंदरावर बोट धरायची होती. शेवटी शुवेनाच म्हणाली, “जा तू. येताना बघ, मी इथं असेन तर.”

तुमची कचेरी रस्त्याच्या कडेलाच. मोठं पत्र्याचं गोदाम, आणि त्याला चिकटून साहेबांची खोली. शुवेनाला गोदामात एका स्टुलावर बसवलं. तिच्या पाठीशी गोण्यांची भिंत, समोर गोण्यांची भिंत, वर आढ्यापर्यंत गोण्या. काही गोण्यांची तोंडं उघडी. हात लांबवला तर मूठभर हाती येईल इतकी लवंग. नाकात लवंग, घशात लवंग, डोळ्यांतून पाणी काढणारी लवंग. आणि दाढेतलं दार आता सताड उघडलं होतं. ठणका कानात गेला, कानातून कपाळात, कपाळातून मानेत उतरला. तिनं पदर गालाशी दाबून धरला. एकदा हात उघड्या गोणीकडे गेला. म्बारुक तिच्याकडेच बघत होता. तिनं हात मागे घेतला. त्याच्या भीतीनं नव्हे. आता एक दाणा जरी उचलला असता तर ती खरीच चोर ठरली असती, आणि तेवढं सुख तिला तुम्हाला द्यायचं नव्हतं.

साहेब आले. आधी हात धुतले. मग डबा उघडला. मग शुवेनाला आत बोलावलं.

साहेब वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायलाच हवं. उलट तोंडाचे फार गोड. “बसा बिबी, बसा,” म्हणाले. “अहो एवढंसं तर आहे. चुकून तोंडात गेली म्हणा आणि जा.”

“चुकून कशी जाईल? मी बसवली.”

“म्हणायला काय जातं?”

“मी म्हटलं की चुकून, की उद्या तुम्ही म्हणाल, बघा, हिनं कबूल केलं की जायला नको होती. जायला पाहिजेच होती. दाढ दुखतेय.”

साहेबांनी घास घेतला. “आणली कुठून?”

“अंगणातून.”

“अंगण तुमचं, झाडही तुमचं, मान्य. पण लवंग—”

“आणि दाढ कुणाची?” शुवेना म्हणाली.

साहेबांनी चावायचं काम सुरू ठेवलं. पुलाव होता. बकऱ्याचा. चावता चावता त्यांना काहीतरी कडक लागलं, त्यांनी ते जिभेनं पुढं आणलं, दोन बोटांनी काढलं आणि ताटाच्या काठावर ठेवलं. शुवेनानं बघितलं. ताटाच्या काठावर आधीच तसलेच काही दाणे रांगेनं मांडून ठेवले होते. काळे, फुगलेले, डोकी असलेले.

“साहेब,” ती म्हणाली, “त्या काय आहेत?”

“कुठल्या?”

“काठावरच्या.”

साहेबांनी ताटाकडे बघितलं. दारात उभ्या म्बारुकनं आपल्या बुटांकडे बघितलं.

“हा पुलाव आहे बिबी.”

“ते दिसतंय. आमच्या घरी गेल्या मोसमापासून असा शिजलेला नाही. या लवंगा कुठून आल्या?”

“बाजारातून आणतात.”

“बाजारात विकणं गुन्हा आहे. भोंग्यानं सांगितलंय.”

“मग... इथूनच घेतल्या असतील. स्वयंपाक्यानं.”

“देशाच्या संपत्तीतून?” शुवेनाचा गाल एवढा सुजला होता की शब्द अर्धे बाहेर येत होते, पण तिनं एकही गिळला नाही. “तुम्ही तोंडात घालून थुंकल्या त्या पुलाव, आणि मी थुंकले ती चोरी? माझी तरी कामाला लागली होती. शिजलेल्या लवंगेत काय जीव राहतो? फेकूनच देणार ना तुम्ही?”

साहेबांनी ताट बाजूला सारलं. त्यांचं कपाळ लाल झालं होतं. ते काही बोलणार, तेवढ्यात बंदराकडून बोटीचा भोंगा आला. लांब, दमदार, एकदा.

शुवेना उठून उभी राहिली. मग परत खाली बसली. आता कुठं जायचं?

“बघा,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच सुटल्याचा आनंद होता, “आता तुम्हाला सोडलंच. काही लिहून घेत नाही, काही नाही. जा तुम्ही घरी.”

“माझी लवंग द्या.”

“काय?”

“तुमच्या माणसानं घेतली ती. दाढ अजून आहे ना तोंडात. लवंग द्या, मी जाते.”

साहेबांनी म्बारुककडं बघितलं. म्बारुक गोदामात गेला, आला, पुन्हा गेला. परत आला तेव्हा हातात रिकामी पिशवी होती. “साहेब, जप्त झालेली गोणीत ओततात ना... मी दोन्हीही ओतल्या.”

“कुठल्या गोणीत?” शुवेनानं विचारलं.

“मावशी, सगळ्या सारख्याच दिसतात.”

म्हणजे तिची चावलेली, थुंकलेली लवंग देशाच्या संपत्तीत सामील झाली होती. ती आता बोटीतून जाईल, परदेशात उतरेल, बाटलीत भरली जाईल, आणि कुठल्या तरी गोऱ्या बाईच्या दाढेला आराम देईल. तिथं तिला कुणी आ करायला लावणार नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण सांगवत नाही. गाल डोळ्यापर्यंत चढला. ताप भरला. घास जाईना, मग पाणी जाईना. मकामे तिला बंदरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं सुई दिली आणि सांगितलं, दाढ काढायला हवी, पण काढणारा नाही. मकामे म्हणाला, “मग कोण काढेल?” तिथला माणूस खिडकीबाहेर बाजाराकडं बघत राहिला.

बाजारात सायकली दुरुस्त करणारा एक जण पक्कड घेऊन बसतो. त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. तुमची जागा रिकामी आहे म्हणून तो बसलाय. सुजेत त्याला दाढ नीट दिसेना. त्यानं आधी शेजारची काढली, चांगली, पांढरी, आईनं काडीनं घासायला शिकवलेली. मग म्हणाला, “अरेरे,” आणि मग किडकी काढली.

सूज उतरली. शुवेना उठून बसली. पहिल्यांदा तिनं मफुंदाला हाक मारली.

“चल.”

“कुठं? उभी तरी राहता येतंय का तुला?”

“तोंड उघडता येतंय. तेवढं पुरे.”

दोघी तुमच्या कचेरीत गेल्या. साहेब खुर्चीत होते, म्बारुक दारात होता. त्यानं या वेळी वाट अडवली नाही, उलट टोपी काढून हातात धरली. शुवेनानं कांग्याच्या टोकाची गाठ सोडली. तीच गाठ, ज्यात लवंग होती. आतून दोन दाढा काढल्या आणि साहेबांच्या टेबलावर, काचेवर, शेजारी शेजारी ठेवल्या.

“बिबी, हे काय?” साहेब खुर्ची मागे सरकवत म्हणाले.

“ही किडकी, तुमच्या सरबताची,” शुवेना म्हणाली. “आणि ही चांगली. ही माझी होती.”

“मग मी काय करू?”

“तोंडातलं जप्त करता ना तुम्ही? करा. ठेवा गोणीत. लवंगेसोबत जाऊ द्यात. नाहीतर माझी लवंग परत द्या.”

“एका लवंगेसाठी एवढं?”

मफुंदा टेबलापाशी आली. “साहेब, तुम्हीही एका लवंगेसाठीच गाडी अडवली होती.”

साहेबांनी दाढांकडं बघितलं. हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही. मग म्हणाले, “हे माझ्या हातात नाही. मी वर विचारतो.”

“विचारा,” शुवेना म्हणाली. ती खाली फरशीवर बसली, पाठ भिंतीला टेकवली. “मी थांबते.”

वर म्हणजे तुम्ही. साहेब विचारणार नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून मीच विचारतोय. दाढेत लवंग ठेवा असं भोंग्यातून सांगणारे तुम्ही, लवंग जवळ सापडली की गुन्हा असं त्याच भोंग्यातून सांगणारेही तुम्ही. दोन्हीतलं खरं कोणतं? मटोपेनीतल्या बाईची दाढ पुढच्या खेपेला दुखेल, आणि दुखेल नक्की, तेव्हा तिनं स्वतःच्या अंगणातली एक लवंग स्वतःच्या तोंडात घालायची की नाही? आणि शुवेनाची लवंग कुठल्या गोणीत आहे? दाढा टेबलावर आहेत, बाई फरशीवर बसली आहे. उत्तर द्या.